परफॉर्मन्स इंजिन बांधताय? ब्लॉक बिडाचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा?

वळणवेडा
मंडळी, मागच्या चाकांवर चालणाऱ्या एका हलक्या कूपेमध्ये जनरल मोटर्सच्या एलएस कुळातलं व्ही-८ बसवायचं ठरवलंय. गिअरबॉक्स आलाय, माउंट तयार आहेत, अडलंय फक्त ब्लॉकपाशी. हाताशी दोन ब्लॉक आहेत. एक एलक्यू९, अख्खा बिडाचा. दुसरा एलएस२, ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या. दोन्ही ६.० लिटर, दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) १०१.६ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९२ मि.मी. क्रँक, रॉड, हेड, कॅम, बहुतेक सगळं याचं त्याला बसतं. त्यामुळे प्रश्न खरोखर धातूचाच उरलाय.

कुठेही विचारलं की दोनच वाक्यं ऐकू येतात. बूस्ट (टर्बो किंवा सुपरचार्जरने दाबून भरलेली हवा) द्यायचा तर बीड, वळणांवर पळवायची तर ॲल्युमिनियम. असं का, हे कोणी सांगत नाही. मला ते समजून घ्यायचंय. सुरुवातीला टर्बो नाही, ५०० च्या आसपास अश्वशक्ती मिळाली तरी भरपूर. पुढे कधी टर्बो लावायचं मनात आलं तर मात्र वाट बंद झालेली नको. ज्यांनी दोन्ही ब्लॉक हाताळलेत त्यांनी हात आखडता न घेता लिहा.

बीडबहाद्दर
बीड. विषय संपला.

घाटवळण
विषय आत्ता कुठे सुरू झालाय, बहाद्दर :)

या दोन ब्लॉकांच्या वजनात सुमारे ४० किलोंचा फरक आहे, आणि तो सगळा पुढच्या धुरीच्या आसपास येऊन बसतो. हलकी गाडी घ्यायची आणि नाकावर ४० किलोंचा दगड ठेवायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. वळणात शिरताना गाडीचं नाक किती पटकन आत येतं यावर माझा अख्खा दिवस चांगला किंवा वाईट जातो. ॲल्युमिनियम.

धातुविद्या
वळणवेडा, तुम्ही कारण विचारलंत हे फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्लॉकसाठी वापरतात ते करडं बीड. घनता ७.२ च्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे नुसतं धातूकडे पाहिलं तर वजन अडीच पटींहून जास्त. पण ताठरपणाही तसाच. ॲल्युमिनियमचा लवचीकता गुणांक ७० गिगापास्कल, करड्या बिडाचा १०० ते १३० च्या दरम्यान. तेवढ्याच जाडीची भिंत ॲल्युमिनियमची असेल तर दाबाखाली ती जास्त फुगणार. म्हणून ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये भिंती जाड करतात, बरगड्या घालतात, स्कर्ट (ब्लॉकची खालची भिंत) क्रँकच्या खालपर्यंत ओढतात आणि मेन कॅपला (क्रँकला खालून धरणाऱ्या टोप्यांना) बाजूनेही बोल्ट देतात. एवढं सगळं करूनही ब्लॉक हलका राहतो, पण घनतेतला अडीचपट फरक वजनात उतरत नाही.

बिडाचा आणखी एक गुण कमी बोलला जातो. त्यात ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारख्या चकत्या असतात आणि त्या कंपनं शोषून घेतात. बिडाचं इंजिन कानाला शांत वाटतं ते त्यामुळे. याच चकत्यांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ग्राफाइटचा आकार अळीसारखा आखूड आणि गोलसर केला की तयार होतं कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्न, म्हणजे सीजीआय. करड्या बिडापेक्षा त्याची ताणशक्ती सुमारे पाऊणपट जास्त. नॅसकार कपचे ब्लॉक याचेच असतात, आणि डिझेलमध्येही ते भरपूर वापरलं जातं.

राहिलं प्रसरण. तापमान एक अंश वाढलं की ॲल्युमिनियम मीटरमागे २२ मायक्रॉनच्या आसपास वाढतं, बीड साडेदहाच्या आसपास. दुपटीचा हा फरक इंजिन बांधताना पावलोपावली भेटतो. बेअरिंगची फट, लायनरची पकड, गॅस्केट, सगळीकडे.

रेडलाईन
ताई, झकास प्रतिसाद. बहाद्दरांच्या बाजूने इतिहासातला एक दाखला देतो. १९८३ मध्ये नेल्सन पिके ब्रॅबममधून फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, त्या गाडीत बीएमडब्ल्यूचं एम१२/१३ होतं. दीड लिटर, चार सिलिंडर, टर्बो. त्याचा ब्लॉक एम१० या रस्त्यावरच्या साध्या इंजिनाच्या कुळातला, आणि बिडाचा!

बीडबहाद्दर
@रेडलाईन, हेच म्हणतोय मी. टोयोटाचं २जेझेड घ्या, निसानचं आरबी२६ घ्या, मित्सुबिशीचं ४जी६३ घ्या. ज्या इंजिनांची नावं काढली की लोक खुर्चीत सरसावून बसतात ती सगळी बिडाची.

घाटवळण
मग मीही इतिहासच सांगतो. १९६६ चा विश्वविजेता जॅक ब्रॅबम. इंजिन रेप्को व्ही-८, तीन लिटर. ब्लॉक ओल्डस्मोबिलचा, रस्त्यावरच्या गाडीतला, ॲल्युमिनियमचा. पुढच्या वर्षी आलेलं कॉसवर्थ डीएफव्ही, तेही ॲल्युमिनियमचं. आणि टॉप फ्युएल ड्रॅगस्टरचा ब्लॉक कशाचा? घडीव ॲल्युमिनियमचा, आत लायनर, पाण्याच्या वाटाच नाहीत. जगातला सगळ्यात रानटी सिलिंडर-दाब ॲल्युमिनियम सोसतंय.

रेडलाईन
टॉप फ्युएलचं उदाहरण वळणवेडांना लागू होत नाही. ती इंजिनं प्रत्येक धावेनंतर उघडतात. यांना सकाळी किल्ली फिरवून निघायचंय.

घाटवळण
मान्य. रेप्को मात्र लागू होतं.

हातोडा
इतिहास जरा बाजूला ठेवू. मी मशीन शॉपमध्ये काम करतो, ब्लॉक रोज टेबलावर येतात. तिथे काय दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, दोन्ही एकाच कुळातले असले तरी बोअर करण्याची मुभा सारखी नाही. एलक्यू९ च्या भिंतीत माल आहे. ०.०३० इंच, म्हणजे सुमारे पाऊण मि.मी. मोठा बोअर नेहमी करतात, तोही सॉनिक टेस्टने भिंतीची जाडी मोजल्यावरच. ओतताना साच्यातला गाभा जरासा सरकला तरी एक भिंत जाड आणि समोरची पातळ निघते, आणि हे बाहेरून दिसत नाही. एलएस२ चे लायनर ओतकामातच बसवलेले आणि पातळ. तिथे होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) करून ०.००५, फार तर ०.०१० इंच. सिलिंडरवर खोल ओरखडा असेल तर बीड बोअर होऊन परत उभं राहतं, ॲल्युमिनियमला नवे लायनर घालावे लागतात. तो खर्च आणि वेळ दोन्ही वेगळ्या इयत्तेतले.

दुसरी गोष्ट, टॉर्क प्लेट. हेड बसवून बोल्ट आवळले की बोअरचा आकार बदलतो, म्हणून होनिंगच्या वेळी डेकवर, म्हणजे ब्लॉकच्या हेड बसतं त्या पृष्ठभागावर, जाड प्लेट तितक्याच टॉर्कने आवळायची. बिडातही करायचंच, पण ॲल्युमिनियममध्ये ते टाळलं तर पिस्टनच्या रिंगा लगेच चुगली करतात. तेल जळायला लागतं.

तिसरी गोष्ट आट्यांची. एलएसच्या प्रत्येक हेडला दहा एम११ बोल्ट आणि पाच एम८. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये आट्यांत घाण राहिली आणि बोल्ट जोर लावून काढला की आटे बोल्टला चिकटून बाहेर येतात, चकचकीत वेटोळ्यासारखे. पोलादी इन्सर्ट घालून दुरुस्ती पक्की होते. तिला कमीपणा मानू नका. रेसिंगचे ॲल्युमिनियम ब्लॉक बांधताना काही जण सुरुवातीलाच इन्सर्ट घालून घेतात.

आणि हे दोन्ही ब्लॉकांना लागू: हेड बोल्टची भोकं आरपार नाहीत, बुडाशी बंद आहेत. ब्लॉक धुतल्यावर त्यात तेल किंवा कूलंट साचून राहतं. वरून बोल्ट आवळला की द्रव दबत नाही, जोर भिंतीवर येतो आणि ब्लॉकला तडा जातो. प्रत्येक भोकात नळी घालून हवेचा झोत मारा, मग पातळ सळईला कापड गुंडाळून बुडाला लावा. कापड कोरडं आलं तरच पुढे जा. बिडाचा ब्लॉक मजबूत म्हणून कोणी हे टाळू नये. बीडही तिथेच फुटतं.

सहावा_गिअर
@हातोडा, भोकांचा सल्ला जपून ठेवला. +१

पाना_दहा
धातुविद्या ताईंनी प्रसरणाचा आकडा दिला तेव्हापासून मेन बेअरिंगचा विचार डोक्यात घोळतोय. एलएसचा मेन जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ६५ मि.मी., बेअरिंग ज्यात बसतं ती भोकं ७० च्या जवळ. इंजिन ८० अंशांनी तापलं असं धरू.

ॲल्युमिनियम: ७० × २२ × ८० केलं तर भोक ०.१२३ मि.मी. वाढलं. पोलादी जर्नल साडेअकरा मायक्रॉनने वाढतो असं धरलं तर ०.०६०. बेअरिंगच्या पत्र्याचे पाचेक मायक्रॉन वजा केले तरी फट ०.०५८ ने वाढली.
बीड: भोक ०.०५९ ने वाढलं, जर्नल आणि पत्रा मिळून ०.०६५. फट जवळजवळ होती तेवढीच.

थंड असताना फट ०.०५ ते ०.०६५ ठेवतात. मग ॲल्युमिनियममध्ये ती गरम झाल्यावर दुप्पट होते? ऑइल प्रेशर कसं टिकतं?

धातुविद्या
हिशोब अचूक आहे, फक्त एक गोष्ट त्यात आलेली नाही. मेन कॅप ॲल्युमिनियमच्या नाहीत, लोखंडी जातीच्या आहेत. म्हणजे भोकाचा खालचा अर्धा भाग कमी वाढतो आणि वरच्यालाही धरून ठेवतो. म्हणून प्रत्यक्ष वाढ तुमच्या आकड्यापेक्षा बरीच कमी येते. पण वाढ होते हे खरं, आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशर बिडापेक्षा जास्त उतरतं हेही खरं.

हातोडा
म्हणूनच ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये मेनची फट थंड असताना जरा आवळ ठेवतो. बिडासाठी वापरतो तेच माप डोळे झाकून वापरलं तर गरम इंजिन आयडलला आलं की प्रेशरचा काटा मालकाला घाबरवतो. उलट फार आवळ ठेवली तर थंडीत इंजिन सुरू करताना क्रँक जड फिरतो. मापं बिल्डरने त्या ब्लॉकवर, त्याच क्रँकने घ्यावीत. आणि थंड इंजिन पळवू नये, ॲल्युमिनियममध्ये तर नाहीच. तेल तापेपर्यंत थांबा. पाण्याचा काटा वर आला म्हणजे तेल तापलं असं होत नाही.

जुना_कार्बोरेटर
धागा वाचतोय, मजा येतेय. ॲल्युमिनियमवर पूर्वी लोकांचा विश्वास का नव्हता, ते सांगायला हवं.

शेवरले वेगा, १९७१ चं मॉडेल. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि लायनरच नाहीत. धातूत सुमारे १७ टक्के सिलिकॉन, बोअरच्या पृष्ठभागावरचं ॲल्युमिनियम रसायनाने किंचित खाऊन सिलिकॉनचे कण वर काढायचे, पिस्टन त्यांवर चालणार. कल्पना उत्तम. पण वर हेड बिडाचं बसवलं, डेक उघडा ठेवला. इंजिन तापलं की बोअर वाकडे, गॅस्केट गेलं, तेल जळलं. त्यानंतर कितीतरी वर्षं लोक ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं नाव काढलं की वेगा आठवायचे.

पुढे हाच जास्त सिलिकॉनचा मार्ग युरोपात नीट चालला. धातूत खोट नव्हती. आजूबाजूची रचना चुकली.

सहावा_गिअर
उघड्या डेकचा विषय निघालाच आहे तर होंडावाल्यांच्या वतीने बोलतो. के२० चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बिडाचे लायनर, डेक उघडा. म्हणजे सिलिंडर वरच्या टोकाला कशालाच जोडलेले नाहीत, पाण्यात उभ्या केलेल्या पेल्यांसारखे. बिनटर्बोचं इंजिन वर्षानुवर्षं ८००० आरपीएमला फिरवा, काही होत नाही. मोठा बूस्ट दिला की पेले वर हलायला लागतात, गॅस्केट घासलं जातं, कधी लायनरलाच तडा जातो. तेव्हा लोक जाड डक्टाइल बिडाचे लायनर बसवतात, त्यांच्या वरच्या कडाच एकमेकींना टेकून डेक बंद करतात.

सुबारूच्या ईजे कुळात तर उघडा, अर्धबंद आणि बंद असे तिन्ही डेक निघाले. धातू तोच. माझं मत असं की बूस्टसाठी ब्लॉक निवडताना धातूच्या आधी डेक बघा.

रेडलाईन
@सहावा_गिअर, शंभर टक्के. निसानने आरबी२६ च्या बिडानंतर २००७ च्या जीटी-आरमध्ये व्हीआर३८ आणलं. ॲल्युमिनियम, बंद डेक, लायनरच्या जागी बोअरवर प्लाझ्मा फवाऱ्याने बसवलेला लोखंडी थर. त्यावर लोक काय काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. बीएमडब्ल्यूचं बी५८ पण ॲल्युमिनियम आणि बंद डेक. बीडबहाद्दर, सरसावून बसायला लावणारी इंजिनं आता याही बाजूला आहेत.

बीडबहाद्दर
आहेत, नाकारत नाही. पण फवारलेला थर झिजला किंवा खरवडला तर? बोअर करून मोठा पिस्टन घालता येतो का? माझ्याकडे बिडाचं इंजिन दोनदा बोअर करून अजून चालतंय. मला ते आयुष्यभर दुरुस्त करता यावं असं वाटतं. हातात पाना घेणाऱ्या माणसासाठी ती मोठी गोष्ट आहे.

हातोडा
बहाद्दरांच्या मुद्द्यात दम आहे. फवारलेल्या थराचं किंवा निकासिलचं (बोअरवरच्या निकेलच्या कठीण थराचं) काम प्रत्येक शॉपमध्ये होत नाही, त्याला हिऱ्याचे होन लागतात. होंडा एस२००० च्या एफआरएम (तंतूंनी बळकट केलेल्या धातूच्या) बोअरला तर पिस्टन आणि रिंगाही त्याला चालतील अशाच घ्याव्या लागतात, हाताला येतील त्या घातल्या तर बोअर खराब होतो. वळणवेडा, तुमच्या एलएस२ मध्ये साधे बिडाचे लायनर आहेत, त्यामुळे ती भानगड नाही.

पाना_दहा
निकासिलवरून आठवलं. १९९० च्या दशकात जास्त गंधकाच्या पेट्रोलमुळे बीएमडब्ल्यूच्या काही इंजिनांचे निकासिल बोअर खराब झाले होते ना? मग मोटरसायकलींत हाच थर इतका यशस्वी कसा?

धातुविद्या
हो, गंधकापासून तयार होणारं आम्ल त्या थराला सोसलं नाही, विशेषतः थंड इंजिन वारंवार थोडंसं चालवून बंद केलं तिथे. आता पेट्रोलमधलं गंधक बहुतेक ठिकाणी खूप कमी झालंय. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कठीण कण अडकवलेले असतात, झिजेच्या बाबतीत थर अप्रतिम आहे. वेगळा धागा काढा, तिथे लिहीन :)

फोर्थस्ट्रोक
मूळ मुद्द्यावर येतो. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं, म्हणून नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) कमी होतं आणि कॉम्प्रेशन जास्त ठेवता येतं. मग बिनटर्बोच्या इंजिनासाठी ॲल्युमिनियमच घ्यायला हवं, नाही का?

धातुविद्या
हे हेडबाबत खरं आहे, ब्लॉकबाबत फारसं नाही. ज्वलन सुरू होतं तेव्हा पिस्टन वर असतो आणि तापलेला बहुतेक पृष्ठभाग हेडचा आणि पिस्टनचा. या दोन्ही ब्लॉकांवर हेड ॲल्युमिनियमचंच बसणार. शिवाय एलएस२ मध्येही ज्वाला बिडाच्या लायनरलाच भिडते, ॲल्युमिनियम त्याच्या मागे. म्हणून ब्लॉकच्या धातूवरून कॉम्प्रेशन ठरवू नका. हेड, क्वेंचची फट (पिस्टन वर असताना हेडशी उरणारी), कॅम आणि पेट्रोलचा ऑक्टेन यावरून ठरवा.

फोर्थस्ट्रोक
स्पष्ट झालं, धन्यवाद.

जुना_कार्बोरेटर
तापण्याबद्दल मात्र एक फरक लक्षात ठेवा. पंप गेला, पाणी संपलं, काटा लालमध्ये गेला तर बीड बरंच सोसतं. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला बळ उष्णता-प्रक्रियेतून मिळालेलं असतं. २०० अंशांच्या वर तो जास्त वेळ राहिला की बळ कायमचं उतरतं, धातू मऊ पडतो. बाहेरून ब्लॉक तसाच दिसतो. असा ब्लॉक घेताना कठीणपणाची चाचणी करून घ्या. एलएस२ कुठल्या अवस्थेत मिळालाय?

घाटवळण
बिडाच्या हेडखाली ॲल्युमिनियम हा वेगाचा घोळ होता. पण बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड ही जोडीही पूर्ण निर्धोक नाही ना? दोघांचं प्रसरण वेगळं, गॅस्केट मधल्यामध्ये घासलं जातं.

हातोडा
पूर्वी तो त्रास खूप होता. आता पोलादी पत्र्यांच्या थरांचं एमएलएस गॅस्केट ते सरकणं सहन करतं. अट एकच, दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत हवेत. कानस किंवा सँडपेपरची चकती फिरवून डेक साफ करणाऱ्यांचे हात मी धरतो. त्या चकतीने पडलेला खळगा नखाला लागत नाही, पण एमएलएसला लागतो. वर चकतीची धूळ तेलात गेली की बेअरिंग खाते.

रेडलाईन
मला वाटतं कंपन्यांनी स्वतः काय केलं हे पाहिलं तर उत्तर सापडतं. फोर्डने मस्टँग कोब्राचं ४.६ आधी ॲल्युमिनियमचं बनवलं. २००३ मध्ये सुपरचार्जर चढवला तेव्हा ब्लॉक बिडाचा केला. २००७ च्या जीटी५०० मध्येही ५.४ चा ब्लॉक बिडाचाच. २०११ ला तोच ५.४ ॲल्युमिनियममध्ये आला, बोअरवर फवारलेला थर, वजन ४६ किलोंनी कमी, आणि ताकद ५५० अश्वशक्ती, आधीपेक्षा जास्त.

ऑडीचं पाच सिलिंडरांचं २.५ टर्बो पाहा. २००९ च्या टीटी आरएसमध्ये ब्लॉक सीजीआयचा, ३४० पीएस. २०१६ मध्ये ब्लॉक ॲल्युमिनियमचा, इंजिन २६ किलोंनी हलकं, ४०० पीएस. म्हणजे "बूस्ट म्हणजे बीड" हे २००३ साली जितकं खरं होतं तितकं आज नाही.

बीडबहाद्दर
कंपनी ब्लॉक कोऱ्या कागदावरून बनवते. वळणवेडांना हाताशी आहे तोच ब्लॉक वापरायचाय. एलएस२ मध्ये ते नवं तंत्र नाही. जुन्या, न उघडलेल्या बिडाच्या एलएसवर टर्बो लावून सहा-सातशे अश्वशक्ती काढणारे जगभर आहेत आणि तिथे ब्लॉक जवळपास कधीच आधी जात नाही. आधी जातात पिस्टन, तेही रिंगेची फट कमी पडते म्हणून. रिंग तापून टोकाला टोक भिडतं आणि पिस्टनची कड उडते.

हातोडा
हे बरोबर लिहिलंत. या बोअरला बिनटर्बोसाठी वरच्या रिंगेची फट साधारण ०.४५ मि.मी., टर्बोसाठी ०.६० च्या पुढे. नेमका आकडा पिस्टन बनवणाऱ्याचा घ्या.

सहावा_गिअर
कोणी ४० किलोंचा हिशोब तरी मांडा. सगळे पुढे जड पुढे जड म्हणतायत.

पाना_दहा
मांडतो. गाडी १२०० किलो, पुढे ५२ टक्के, म्हणजे ६२४. बिडाचे ४० किलो आले. इंजिन धुरीच्या जरा मागे असेल तर त्यातले ३५ पुढच्या चाकांवर. १२४० पैकी ६५९, म्हणजे ५३.१ टक्के. १५ किलोंची बॅटरी पुढच्या धुरीवरून मागच्या धुरीवर नेली की ६४४, म्हणजे ५१.९. प्रमाण होतं तिथे परत आलं.

घाटवळण
पाना_दहा, हिशोब सुंदर, पण ती बॅटरी मी ॲल्युमिनियमच्या ब्लॉकसोबतही मागे नेणारच की! आणि प्रमाण जुळलं तरी ४० किलो गाडीतच राहिले. उतारावर शेवटचं वळण येतं तेव्हा ब्रेक तेही थांबवतात, टायर तेही वळवतात. १२०० वर ४० म्हणजे ३.३ टक्के. ब्लॉक हाताने उचलणाऱ्याची कंबर तर मुळीच मोजली नाहीत :)

बीडबहाद्दर
कंबरेचं मत ॲल्युमिनियमला, हे मान्य :)

वळणवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठेच मिळालं नव्हतं. विचारलेल्या गोष्टी सांगतो.

एलएस२ चालत्या गाडीतून काढलेला आहे, तापल्याची खूण दिसत नाही. तरीही जुना_कार्बोरेटर म्हणतात तशी कठीणपणाची चाचणी करून घेणार. सिलिंडरांवर होनच्या रेघा अजून दिसतात. एलक्यू९ च्या एका सिलिंडरमध्ये वरच्या बाजूला ओरखडा आहे, नखाला लागतो. तो बोअर करावाच लागेल.

वापर म्हणाल तर वळणावळणांचा डोंगरी रस्ता आणि ट्रॅकचे दिवस. सरळ पट्ट्यावर कोणाशी शर्यत नाही. धागा वाचताना लक्षात आलं की टर्बोचा विचार मी फक्त "असावा बुवा" म्हणून धरून ठेवलाय.

धातुविद्या
मग तुमच्या वापरात ब्लॉकला दाबाची परीक्षा द्यावीच लागत नाही. बिनटर्बो ५०० ला एलएस२ कुठेही कमी पडत नाही. सहा बोल्टांचा मेन, खोल स्कर्ट हे दोन्हींत आहे. बिडाचा जास्तीचा ताठरपणा तुम्ही विकत घेणार आणि वापरणार नाही. वजन मात्र रोज वाहणार.

बीडबहाद्दर
टर्बो नक्की नाही म्हणता तर मीही एलएस२ म्हणेन. पण पुढे मोठा टर्बो ठरला तर हा ब्लॉक विका आणि एलक्यू९ बोअर करून बांधा. पातळ लायनरवर जोर काढू नका. एलक्यू९ तेल लावून, झाकून ठेवा. बीड उघडं राहिलं की दमट हवेत लगेच गंजतं.

सहावा_गिअर
मध्यममार्ग: हलका बूस्ट, चांगली ट्यूनिंग, नॉक अजिबात नाही. ॲल्युमिनियमवर तेही चालतं. ब्लॉक नॉकने मरतात.

हातोडा
एलएस२ घेताय तर सेन्सर आत्ताच तपासा. एलक्यू९ चे नॉक सेन्सर मधल्या खोबणीत असतात, एलएस२ चे ब्लॉकच्या बाजूंना. कॅम सेन्सर एलक्यू९ ला मागे, एलएस२ ला पुढच्या टायमिंग कव्हरवर. क्रँकवरच्या रिलक्टर चाकाचे (ज्यावरून सेन्सर क्रँकची जागा ओळखतो) दातही मोजा, २४ की ५८, आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्याला जुळणारा हवा. वायरिंग हार्नेस एलक्यू९ धरून केला असेल तर बदलावा लागेल.

वळणवेडा
@हातोडा, हार्नेस एलक्यू९ धरूनच केलाय! वायरी लांबवून भागेल की कनेक्टरही वेगळे आहेत?

हातोडा
नॉक सेन्सर पिढीप्रमाणे वेगळे, त्यामुळे कनेक्टर बदलणार. कॅम सेन्सरची वायर पुढे आणायची, तिचाही कनेक्टर पाहून घ्या. रिलक्टरचे दात मोजून इथे लिहा, मग ईसीयूचं सांगतो. तोपर्यंत हार्नेस कापू नका.